इतरांकडून

दोन नकाशे होते.
एसीवाल्याचा निळ्या रेघांचा,
गॅसवाल्याचा लाल.
दोन्हींत एका वायरच्या जागी
तुटक रेघ, आणि शेजारी बारीक अक्षरात:
इतरांकडून.

मी डक्टवाला. कुपवाडला पत्रा वाकवतो.
माझं काम वारा वाहता ठेवायचं.
इरफान मुजावर मिरजेचा, लाल नकाशाचा,
त्याला वारा थांबलेला हवा.
सहा महिने एकाच जिन्यानं चढलो,
एकाच टपरीवर चहा प्यालो,
आणि एकमेकांना विचारलं नाही
की हे इतर म्हणजे कोण.

सांगलीचं मार्केट यार्ड. हळदीचा मोसम.
पेढीचा सर्व्हर तिसऱ्या मजल्यावर,
कारण तळमजल्याच्या भिंतीवर
पुराच्या दोन रेघा आहेत, दोन सालांच्या,
आणि रंगाऱ्याला त्या पुसू दिल्या नाहीत.
पाण्यापासून वर नेलं,
आता आगीच्या हवाली नको
म्हणून कोपऱ्यात लाल नळकांड्या उभ्या,
पोटात गॅस, मानेला शिक्का.

गॅस सुटला की आग विझते.
पण नुसता सुटून भागत नाही,
खोलीनं त्याला दहा मिनिटं धरायला हवं,
पाहुणा दारातूनच परत गेला तर
यजमानाचं काय राहिलं?

सन्मती उपाध्ये पुण्याहून तपासायला आल्या.
दाराला कापड ताणलं, कापडात पंखा बसवला,
खोलीत हवा भरली, आकडा वाचला.
नापास.
धुराची कांडी काढत होत्या.
मी म्हटलं, बाई, राहू द्या.
आणि भिंतीकडं बोट केलं:
माझा डक्ट जिथनं आत शिरतो
तिथं त्याच्या भोवती पिवळी कड.
खालच्या गाळ्यांतली हळद,
चार महिने फटीतून वर येत होती
आणि जाता येता सही करत होती.
फट माझीच होती.
इरफान हसला नाही, हे त्याचे उपकार.

फट बुजवली. बाई म्हणाल्या, सगळंच बुजवू नका,
गॅस येतो तेव्हा धक्क्यानं येतो,
एक झडप ठेवा, नाहीतर भिंत फुगेल.
बंद खोलीलाही एक उसासा लागतो,
असं त्या म्हणाल्या नाहीत.
ते मी जिन्यात म्हटलं, स्वतःशी.

मग तालीम. नळकांड्यांची जोडणी काढून ठेवलेली.
घंटा.
तीस सेकंदांची उलटी मोजणी.
शून्य.
आणि माझा पंखा चालूच,
शांतपणे, जबाबदारीनं, जसा मी शिकवला होता.
खरा गॅस असता
तर एका नव्या गाडीच्या किमतीचा गॅस
त्यानं उचलून गच्चीवर नेला असता
आणि कावळ्यांना सोडला असता.

कुणी काही बोललं नाही.
इरफाननं नकाशा उलगडला, मी माझा.
तुटक रेघेवर तुटक रेघ ठेवली.
अकरा मीटर वायर.
एक टोक त्यानं धरलं, एक मी ओढलं,
छताच्या वरून, कोळ्याच्या जाळ्यांतून,
त्याच्या पॅनेलपासून माझ्या पंख्यापर्यंत.
दुपारी तीनपर्यंत इतर आले होते.

दुसरी घंटा.
पंखा गळ्यातल्या गळ्यात उतरत थांबला.
डँपर पडले: खट्, खट्,
तिसरा जरा मागून, खट्.
वाऱ्याच्या आवाजाची सवय असते,
तो गेला की कळतं तो होता.
इतकी शांतता, की खाली हमाल
पोत्यांचा आकडा मोजतोय ते ऐकू आलं.

आणि त्याच शांततेत दिसलं,
लेखनिक भारती मगदूम दारात अडकलेल्या.
आत यायचं तर चपला बाहेर, हा नियम,
आणि बाहेर पडायचं तर चपला पायात, ही सवय.
वाकल्या. डाव्या चपलेचा पट्टा लागेना.
मागं दोघं खोळंबले.
मोजणीतले सहा सेकंद एका बकलात गेले.

उपाध्येबाईंनी पेन काढलं.
नकाशात नाही, दोघांच्याही नाही,
दारावरच्या कोऱ्या कागदावर लिहिलं:
घंटा झाली की अनवाणी निघा.

भारतीताईंनी वाचलं, म्हणाल्या,
मागच्याच महिन्यात घेतल्यात हो.