चार्ज देताना

बस ऋजुता. खुर्ची डावीकडे कलते, होईल सवय.
पासवर्ड या चिठ्ठीवर आहे, पाठ झाला की फाडून टाक.
खिडकीतून त्र्यंबक रोड दिसतो,
साडेतीनला तिथे मोटरसायकली तुंबल्या
की समज, सातपूरची पहिली पाळी सुटली.
त्याआधी गेलेलं पत्रच आज वाचलं जातं.

आधी फाइल जोड. मग मजकूर.
पत्ता सगळ्यात शेवटी,
म्हणजे बोट चुकून लागलं तरी
अर्धवट पत्र कुणाच्या दारात जाऊन उभं राहत नाही.
‘सोबत जोडले आहे’ असं लिहून
काहीच न जोडलेली माझी सतरा पत्रं गेलीत या टेबलावरून.
एक जर्मनीला.
तिथल्या बाईंनी फार नम्रपणे विचारलं होतं, काय जोडलंय?

विषयात ‘महत्त्वाचे’ लिहू नको, सगळेच लिहितात.
लिही: दोन इंची व्हॉल्व्ह, चाळीस नग, गुरुवारपर्यंत.
पत्र उघडायच्या आत निम्मं काम व्हावं.

आणि ‘सगळ्यांना उत्तर’ या बटणापाशी
हात क्षणभर मागे घे.
पेंट शॉपच्या तुषार बच्छावने रजेचा अर्ज
मूळव्याधीच्या तपशिलासकट
एकशे बारा जणांना धाडला होता.
दुसऱ्या दिवशी कॅन्टीनला मिसळ.
कुणी एक अक्षर बोललं नाही,
फक्त चहूबाजूंनी दह्याच्या वाट्या
त्याच्यापुढे सरकत आल्या.

मजकूर पुढे ढकलायला स्पेसबार बडवू नको, टॅब आहे.
नव्या पानासाठी एंटर, एंटर, एंटर नको,
कंट्रोल धरून एकदाच.
हे मी तुला सांगते, आणि स्वतः अजून बडवते;
मेन रोडवरच्या माडीवर टाइपरायटर शिकले,
तिथे रिकामी जागासुद्धा
बोटांनी मिळवावी लागायची.

मराठी पत्र युनिकोडमध्येच.
जुन्या फॉन्टातलं एक महापालिकेत उघडलं
तर ‘आपली विश्वासू’च्या जागी चौकोन आणि टिंबं.
साहेब फोनवर म्हणाले, बाई, शिव्या दिल्यात का?

शोधा आणि बदला, हे जपून.
माने साहेब बदलून गेले, मोरे साहेब आले,
मी एका झटक्यात सगळे माने काढून मोरे घातले.
नोटीस लागली गेटवर:
‘कामगारांनी अनुक्रमोरे उभे राहावे,
नियमोरे वागावे.’
दोन दिवस सगळे नियमोरेच वागत होते.
तेव्हा आधी एकेक बघत जा. घाई असली तरी.

फाइलला ‘फायनल’ नाव देऊ नको.
त्या फोल्डरमध्ये बघ: फायनल, फायनल नवीन,
हेच फायनल, साहेबांचं फायनल.
तारीख लिही, वर्ष आधी. तारखा आपणहून रांगेत उभ्या राहतात.
दर परिच्छेदाला कंट्रोल-एस.
वीज सांगून जात नाही.

हां, अजून एक.
पत्त्याच्या रकान्यात ‘वा’ लिहिलंस
की खाली एक नाव येईल: वाकचौरे, स्टोअर्स.
दोन वर्षं झाली त्यांना जाऊन.
त्यांना पाठवलेलं परत येतं, ‘पोहोचले नाही’ म्हणून.
नावाशेजारी बारीक फुली आहे,
दाबली की सुचणं बंद होतं.
कुठे आहे ते दाखवून ठेवते.
मला कधी वेळ झाला नाही.

मसुद्यांमध्ये एक पत्र दिसेल, विषय नसलेलं.
नाही, उघडू नको. असू दे.
पत्ता नाही त्याला.
सांगितलं ना, पत्ता शेवटी घालायचा.

बघ, तुंबल्या मोटरसायकली.
कोटेशन जाऊ दे आधी. फाइल जोडलीस?