सहा-साठ

जिंतूरच्या बाजारात चाळीस वर्षं
मनगटं मोजली मी, टेप न लावता.
हात हातात आला की बोटंच सांगायची:
दोन-चार. दोन-सहा. भरल्या हाताला दोन-आठ.

परभणीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सहा-साठ.
हे माप माझ्या पेटीत नाही.

पडद्याला रक्त सुटलंय, म्हणाल्या.
पडदा म्हणलं की मला जत्रेतला तंबू दिसतो.
रीळ जळायचं,
मधोमध तपकिरी भोक पडायचं,
हिरोईनीचं तोंड आधी जायचं.
लोक शिट्ट्या मारायचे.

दुखलं असतं तर आले असते की लवकर.
पायाला खिळा लागला तवा पळालेच ना दवाखान्यात.
हे गुपचूप चाललं.
मी चष्मेवाल्याला शिव्या दिल्या,
मग बल्बाला, मग सुनेच्या पुसण्याला.
भर बाजारात डोळ्यापुढची जळमटं
हातानं झटकत बसले,
गिऱ्हाईक हसलं.

लेझर तीनदा झालं.
“गेलेलं येणार नाही मावशी, राहिलेलं राहावं म्हणून.”
चहा तर आठ वर्षं फिक्काच पिते. तरी.

परवा रेवणअप्पांच्या नातीनं हिरव्या मागितल्या.
पोरगी काही बोलली नाही,
भरून घेतल्या, पैसे दिले, गेली.
रात्री सुनेनं पेटी लावली:
आत्याबाई, हिरव्या तर तशाच आहेत.

आता हिरव्यांच्या दोऱ्याला एक गाठ, लालला दोन.
निळ्या खाली, एकट्या.

द्या ताई हात.
सैल सोडा.
माप चुकायचं नाही,
रंगाचं तेवढं
तोंडावर बोला.