अठ्ठेचाळीस एमबी

हेक्समला डिसेंबरात साडेतीनलाच दिवे लावावे लागतात.
ऑफिसात मी आणि रेडिएटर,
दोघंही मधूनच कुरकुरणारे.
उद्या दहाला कौन्सिलपुढे पूल मांडायचाय
आणि त्यांच्या मेलपेटीत दहा एमबीच्या वर काही मावत नाही.
माझी फाइल अठ्ठेचाळीस.
पाठवते, आणि मिनिटभरात ती दारात परत,
पत्ता चुकलेल्या वऱ्हाडासारखी.

मग बसले निवडत.
आधी लोगो.
एकतीस स्लाइडवर एकतीसदा चिकटवलेला,
दरवेळी अख्खा, भिंतीएवढा छापता येईल असा.
नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच.
एकच ठेवला, मूळ साच्यात.
बाकीच्या तिसांनी हूं की चूं केलं नाही.

मग तक्ता.
दिसायला खर्चाच्या चार ओळी,
पण पोटात सबंध वर्कबुक:
सगळ्यांचे पगार, ग्लेनिसच्या आजारपणाच्या रजा,
नाकारलेल्या तीन निविदा.
(बरं झालं मेल परत आली.)
त्याचं चित्र करून टाकलं. चित्राला पोट नसतं,
असं मला तेव्हा वाटत होतं.

पुराचा व्हिडिओ सव्वा मिनिटाचा.
दोन फोटोंवर भागवलं.
थांबवलं तरी पाणी चिडलेलंच दिसतं.

एकवीसवर आले आणि तिथेच अडकले.

चौदावी स्लाइड. उजवा खांब, त्याचा तडा.
हा फोटो मीच कापला होता जूनमध्ये:
दगड, खडूची खूण, शेजारी उभी मोजपट्टी, बस.
एवढासा तुकडा, आणि वजन सात एमबी?
क्रॉपचं बटण दाबलं,
तर चौकटीबाहेर, करड्या पडद्याआड,
विल्फ डॉड्स.
पिवळं जाकीट, गुडघाभर चिखल,
तोंड अर्धं उघडं, म्हणजे मला घाई करत असणार
त्याच्या त्या बोलीत, जी मला दोन वर्षं कळली नाही
आणि कळायला लागली तसा
तो ऑगस्टात गेला.
पट्टी आत. धरणारा बाहेर.
मीच ठेवला होता बाहेर. स्लाइड नीटनेटकी दिसावी म्हणून.

दृष्टीआड सृष्टी, हे मी आजवर
स्वतःची समजूत घालायला म्हणत आले.
तिला वजन असतं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

खाली प्रश्न: कापलेला भाग कायमचा काढायचा?
खूण आधीच केलेली. माझ्या फक्त 'हो'ची वाट.

खूण काढली. ह्या एका फोटोपुरती.
आणि बाकीच्यांवर तुटून पडले.
विमानातून काढलेलं खोरं इतकं दाबलं
की मेंढ्यांचे तांदूळ झाले.
फॉन्ट उपटले. पाहुण्यांच्या आभाराची स्लाइड गेली,
तिच्यावरचा सूर्यास्तही गेला, तो तसाही इथला नव्हता.
बारा. अकरा. दहा पूर्णांक तीन.
शेवटी माझा स्वतःचा फोटो, 'आमची टीम' मधला.
नऊ पूर्णांक आठ.

गेली.
पाच मिनिटं वाट पाहिली. परत आली नाही.

उद्या पडद्यावर दगड येईल.
कुणी विचारेल, तडा केवढा?
तीन मिलिमीटर, मी सांगेन.
आणखी कुणी म्हणेल,
पट्टी अगदी सरळ उभी आहे हो.
आहे खरी, म्हणेन,
आणि पुढची स्लाइड लावेन.