उतारा

या जमिनीच्या सातबाऱ्यावर
तलाठ्याने लिहून ठेवलंय : पोटखराबा, वर्ग अ.
म्हणजे पिकाऊ नाही.
म्हणजे उभी आहे.

डोळखांबच्या पुढे, वरच्या टेपावर
आडव्या एकोणीस ओळी, दगडी बांधांच्या.
खालच्या ओळीतली वेल मान वर करते
तर तिला दिसतात वरच्या वेलीची मुळं.

इथे ट्रॅक्टर येत नाही. बैलही नको म्हणतो.
सोमी आगिवले येते,
डोक्यावर जीवामृताचा हंडा,
थेंब न सांडता.
तिचा डावा पाय उजव्यापेक्षा बोटभर लांब झालाय
असं तीच सांगते, हसत :
सपाटीला मी लंगडते, बाय. हितंच सरळ चालते.

दादा पिंपळगावहून फोन करतो.
त्याची काळी, सपाट, नजर पुरेपर्यंत मांडव,
मणी औषधात बुडवून लांब केलेले.
विचारतो, एकरी किती निघतील?
मी म्हणते, एकर कसा मोजू, दादा,
नकाशात आहे त्याहून आमची जमीन जास्त भरते,
चुण्या उलगडल्या तर.

कोकणाला द्राक्ष मानवत नाही, तो म्हणतो.
खरंय.
ऑक्टोबरात छाटणी झाली, फूट आली
की पहाटे भातसाकडून धुकं चढतं
आणि पानाच्या पाठी उगवतो केवडा.
रोगाला इतकं सुवासिक नाव कुणी दिलं असेल?
आधी तेलाचा एक ठिपका, कागदावर भजं ठेवावं तसा,
मग पांढरी लव.
पहिल्या वर्षीचा बाग केवड्याने नेला.
दुसऱ्या वर्षीचा बुलबुलांनी.
तिसऱ्या वर्षी मी दादाकडून आणलेली
निळ्या झाकणाची बाटली फळीवरून खाली काढली,
झाकण फिरवलं, वास घेतला, पुन्हा लावलं,
आणि रात्रभर कूस बदलत राहिले.
प्रमाणपत्राच्या अर्जात
याला रकाना नाही.

आता आंबट ताक फवारतो,
दहा पाल्यांचा अर्क, महिनाभर कुजवलेला,
जेवतानाही बोटांना येतो.
आणि एकेक पान उलटून बघतो,
तापल्या पोरांच्या कपाळांना
ओळीने हात लावत गेल्यासारखं.

फेब्रुवारीत तपासनीस आले, धारप, ठाण्याहून,
गुळगुळीत तळव्यांच्या बुटांत.
आठव्या ओळीला खाली बसले.
म्हणाले, उतारा दाखवा.
दाखवला.
मग : आणि उतार किती अंशांचा?
मी मोबाइलमध्ये काहीतरी शोधू लागले.
सोमीने एक पिकला मणी तोडला,
बांधाच्या कडेला ठेवला
आणि बोट काढून घेतलं.

आम्ही तिघं बघत राहिलो.
तो एका दगडाला लागला, उडाला,
दिसेनासा झाला, पुन्हा दिसला,
करवंदीच्या जाळीला वळसा घालून
थेट खाली, शेळीच्या पुढ्यात.
सोमीचे आकडे चालूच होते.
लिवा, नऊ.

धारपांनी लिहिलं : तीव्र.
पेन खिशाला लावलं.
जरा थांबून, हळूच :
अजून एक सोडू का?

मी म्हटलं, आधी खाऊन तर बघा.
त्यांनी खाल्ला. लहान मणी, जाड साल,
डोळे बारीक झाले त्यांचे,
काही बोलले नाहीत.
मग गालात बी धरून इकडेतिकडे बघू लागले,
कुठे टाकू?

कुठंबी टाका, सायेब, सोमी म्हणाली,
ती काय वर थांबत न्हाय.