वाळलेला माल

पहाटेचे तीन. कोपरखैरणे, सेक्टर पंधरा.
घरात उजेड तेवढा माझ्या हनुवटीवर,
तोही लाल.
पाच नाणी आहेत माझ्याकडे, एकही वाजत नाही.
सोमवारी साठ हजार भरायचेत नेरूळच्या दवाखान्यात.
तात्यांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू
बाजार सावरेपर्यंत थांबणार नाही.

तात्या या वेळेला उठतातच.
माथाडीचं कार्ड जमा करून अकरा वर्षं झाली, तरी
तुर्भ्याच्या कांदा-बटाट्यात गाड्या लागायची वेळ
त्यांच्या पाठीला कळते.
"काय भाव?"
जणू मी आत्ताच गाळ्यावरून आलोय.

निम्म्यावर आलाय.
"आवक वाढली?"
नाही, नवं किती निघणार ते आधीच ठरलेलं असतं.
"मग गिऱ्हाईक गेलं?"
आहे. घाबरलंय.
थोडा वेळ गप्प बसले, पाय चोळत.
"आणि हे शेवटी खातं कोण?"

माहितीपत्रकाची चौऱ्याहत्तर पानं होती.
मी नऊ वाचली होती.
त्या नवांत हे नव्हतं.

मग म्हणाले, भाव पडला की वाटतं
सगळाच माल पडला.
तसं नसतं.
मानेपाशी अंगठा दाबायचा.
मऊ लागला तर आजच काढायचा, मिळेल त्या भावात,
त्याच्याशी वाद घालत बसायचं नाही.
मान सुकलेली, हातात घेतला की पापुद्रा वाजतो,
तो थांबतो.
"थांबतो म्हणजे चढतो असं नाही हां.
थांबतो म्हणजे नासत नाही, एवढंच."

मी काचेवर अंगठा दाबला.

बिटकॉइन. किती वेळा आपटला, किती वेळा उठला,
मान कडक असावी.
'असावी' म्हणतोय, 'आहे' नाही.
ईथर घेतला तेव्हा दोन रात्री जागून वाचलं होतं,
अर्धंच कळलं,
पण ते अर्धं माझं स्वतःचं. राहू दे.
तिसरं वैभव डोळसनं सांगितलं म्हणून.
वैभवनं नंतर नंबर बदलला.
चौथं वर्षाला अठरा टक्के देणार होतं.
कुठून देणार, हे मी विचारलं नाही,
कारण उत्तर मिळालं असतं.
वरून लालभडक, आत काजळी.

दोन्ही काढली. एक्केचाळीस हजार आले.
उरलेल्यासाठी बिटकॉइनचा एक कोपरा तोडला,
आणि तोट्याच्या विक्रीतूनही
सरकारचा एक टक्का कापला गेला.
तात्या पहिल्यांदा हसले.
"तोलाई, हमाली, वाराई. माल कुजका असला तरी कापायचेच."

पाचवं ते कुत्र्याचं तोंड असलेलं.
विकायला गेलो तर विकता येईना,
किमान रकमेच्या खाली गेलंय म्हणे.
अ‍ॅपमध्ये अशा उरल्यासुरल्याला एक शब्द आहे:
धूळ.

गाळ्याच्या पायऱ्यांशी सांडलेला कांदा
वेचणाऱ्या बायका असायच्या,
मुकादम पाहून न पाहिल्यासारखं करायचा.
दिवसभरात एक ओटी.
आई त्यांतलीच होती, लग्नाच्या आधी.
हे तात्यांनी मला कधी सांगितलेलं नाही,
मावशीनं सांगितलं.
कुत्रं मी तसंच ठेवलं.

"बघू," म्हणत त्यांनी फोन हातात घेतला.
आकडे त्यांना दिसत नाहीत,
लाल-हिरवं दोन्ही धुरकटच.
पण अंगठा सवयीनं कडेवरून फिरला,
वरच्या टोकाशी थांबला, दाबला.

"तापलाय," म्हणाले.
"कोंडून ठेवू नको रात्रभर.
वाऱ्याला ठेव."