वही

एकसष्टाव्या रात्री हरणीनं जागा धरली.
चाकूरकडची लाईट जाते तशी गेलेली,
मी गोठ्यात पोत्यावर, बॅटरी दातात धरून.
सोयाबीनच्या रानात कोल्हं ओरडलं
तरी हिनं कान हलवला नाही.
कारवानी कुत्री ही,
एरवी पाचोळा सरकला तरी सुटते.

पाच आले. सहावं आलं ते निळं.
तोंडातला चिकटा बोटानं काढला,
जुन्या धोतराच्या चिंधीनं घासत राहिलो,
घासतच राहिलो,
प्रयागा म्हणाली, सोडा आता.
मग ते केकाटलं,
झोपमोड केल्यासारखं चिडून.
आम्ही दोघं अंधारात हसलो.

दस्तगीरचाचांनी मला वही घालून दिली.
म्हणायचे, नराचा रुबाब बघून भुलू नको,
त्याची आई बघ, आईची आई बघ,
आन् लिही. डोकं इसरतं, वही इसरत न्हाई.
म्हणून सुलतानच्या नावावर रेघ आहे.
छाती अशी की लातूरच्या प्रदर्शनात लोक थांबायचे,
पण तिसऱ्या वर्षी फेफरं आलं.
गाव म्हणालं, कुणाला कळतंय? लाव की.
मी रेघ मारली.
तो उंबऱ्यात झोपतो, भाकरी मागतो,
त्याला रेघ माहीत नाही.

हरणीचा यंदाचा माजही रिकामा जाऊ देणार.
पांढऱ्या गाडीतून आलेल्या माणसाला हे पटेना.
बसल्या जागी तो नोटा मोजायला लागला.
मी विचारलं, पळायला रान हाय का?
घरात दिवसभर कोण असतं?
म्हातारं झाल्यावर काय करणार?
तो म्हणाला, कुत्रं घ्यायला आलो, सोयरीक करायला नाही.
मी चहा पाजला. पिल्लू दिलं नाही.

एकदा दिलं होतं, न विचारता.
पत्र्याचे पैसे द्यायचे होते तेव्हा.
दीड वर्षानं नांदेड रोडच्या पंपावर
हवेच्या मशीनला साखळीनं बांधलेली दिसली.
कारवानीच्या बरगड्या दिसतातच,
पण जातीनं दिसणं वेगळं
आणि उपासानं दिसणं वेगळं.
दुप्पट पैसे मोजून आणली.
गाडीवर पुढं बसवली तर
सगळ्या वाटेनं माझी मनगटं चाटत आली.
मला वाटलं होतं चावेल.
चावली असती तर बरं झालं असतं.

लस, जंताचं औषध, अंडी, डॉक्टरच्या फेऱ्या
वजा जाता यंदा अकराशे उरले.
प्रयागा म्हणते, त्यापरीस शेळ्या पाळा.
शेळ्यांचं खरंच बरं असतं.
पण परवा जिंतूरहून बोर्डे गुरुजींचा फोन आला.
आईला ताप आहे म्हणाले,
तुमची पोर खाटेखालून उठंना,
दूध तिथंच नेऊन ठेवलं.
बराच वेळ मी नुसतं हं, हं करत राहिलो.

आज ते सहावं गेलं, परभणीला.
साठ दिवस भरले, वजन लिहिलं,
त्याच्या गळ्यात हरणीच्या पोत्याची पट्टी बांधली,
नव्या घरी पहिल्या रात्री वास सोबत असावा म्हणून.
परत येतो तर हरणी फाटकापाशी.
ती माझा हात हुंगते,
तळवा, मग बोटं, मग पुन्हा तळवा.
प्रयागा आतून हाक मारते, हात धुवा, ताट वाढलंय.
आलो म्हणतो
आणि हात तसाच पुढं धरून बसतो.