पुढचं दार

ऋजुता, तुझा निरोप मिळाला.
लंडनात चार दिवस, चौघं जण, त्यातले दोघं शाकाहारी,
आणि तू विचारतेस, "मावशी, बाहेर कुठे जेवायचं?
तुला तर सगळी हॉटेलं माहीत असतील."

माहीत आहेत. पण पाठमोरी.
एकोणीस वर्षं कौन्सिलची नोकरी केली,
साऊथवर्कमधली स्वयंपाकघरं तपासायची.
गल्लीतून, कचऱ्याच्या पिंपांमधून वाट काढत
मागच्या दाराने आत जायचं,
आणि कुणी "या, बसा" म्हणायच्या आत
फ्रिज उघडून थर्मामीटर खुपसायचा.

नदीकाठच्या एका हॉटेलात
महिनाभर आधी सांगूनही टेबल मिळत नाही.
त्याच्या पिठाच्या डब्यांमागे मला काय सापडलं,
ते नको विचारूस. तुला जेवायचं आहे.

पेकहॅमला फोलाकेचं स्वयंपाकघर एवढंसं,
समोरासमोर आलो की एकीने पोट आत घ्यायचं,
पण ओटा असा, की त्यावर थेट पोळी लाटावी.
तिच्या लाल भाताच्या पातेल्यावरचं झाकण उचललं
की माझा चष्मा वाफेने आंधळा व्हायचा.
मी लिहायचे: अठ्ठ्याऐंशी अंश.
चव लिहायला रकाना नव्हता.

खायचं काहीच नाही. घोटभर चहासुद्धा नाही.
नियमच होता, आणि नसता तरी
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात ना,
मला जागायचं नव्हतं, म्हणून मीठच टाळलं.
दुपारी गाडीत बसून कालची भेंडी-पोळी,
काचा वर करून, चोरासारखी.

वॉलवर्थ रोडच्या आतल्या बाजूला हुस्नूचं कॅफे.
सायप्रसचा तुर्की माणूस. अंडं, चिप्स, बीन्स, टोस्ट.
एका जुलैत त्याचा फ्रिज तेरा अंशांवर सापडला.
म्हटलं, सगळं फेकावं लागेल.
त्याने वाद घातला नाही.
एकेक करून माझ्यासमोर टाकलं,
शेवटी मसुराच्या सुपाचं मोठं भगुलं,
तेही बादलीत, सिंकमध्ये नाही,
नाहीतर नळी तुंबते, हे मीच सांगितलं.
दारावर चिकटवायला पाचापैकी एक दिला.
मग हात धुऊन (वीस सेकंद, मी मोजले)
त्याने दोन कप चहा केला,
एक माझ्याकडे सरकवला.
मी नको म्हटलं.
पुढे नऊ वर्षं, प्रत्येक तपासणीला
तो चहा करायचा, मी नको म्हणायचे,
चहा निवायचा.

या मार्चमध्ये निवृत्त झाले.
ओळखपत्र परत केलं, थर्मामीटरही.
दुसऱ्या दिवशी पाय सवयीने गल्लीत वळले,
पिंपांपाशी थबकले,
आणि वळसा घालून रस्त्यावर आले.
पुढचं दार आत ढकलायचं की बाहेर ओढायचं,
मला खरंच ठाऊक नव्हतं.

हुस्नूने आधी माझ्या हातांकडे पाहिलं.
"आज तर तपासणी नाही."
म्हटलं, भूक लागली आहे.
त्याने टेबल पुसलं. पुन्हा पुसलं,
कोपऱ्यांसकट, परीक्षेला बसल्यासारखं.
अंड्याच्या कडा जाळीदार आल्या होत्या.
चिप्स जरा मऊच, खोटं कशाला बोलू.
आणि चहा. गरम.
सात पौंड ऐंशी झाले. मी पुरते दिले,
त्याने पुरते घेतले, तेच बरं वाटलं.
आतून फ्रिजची घरघर ऐकू येत होती.
किती अंश, मी विचारलं नाही.

तर तिथे जा. शाकाहारींना बीन्स-टोस्ट मिळेल,
पिशवीत लसणाची चटणी असू दे.
दारावर आता पाच आहे. सोमवारी बंद.

आणि फोलाकेकडे गेलीस तर कळव,
तो लाल भात कसा लागतो.
मी अजून गेले नाही.
एका वेळी एकच दार.